दहशतवाद्यांना तरी फाशी हवीच ना?

21 जुलै 2025, सोमवार. सकाळी पडघ्याच्या नाक्यावर चहा घ्यायला थांबलो होतो. हॉटेलातल्या टीव्हीवर पट्टी सरकत होती. 7/11 च्या रेल्वे स्फोटांतले बाराही आरोपी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले होते. त्यांतल्या पाच जणांना विशेष मकोका न्यायालयाने 2015 मध्ये फाशी सुनावली होती, सात जणांना जन्मठेप. मी मोबाइल काढला आणि सवयीने मोठ्याने बातमी वाचू लागलो. बाकावर आमचे एक मामू बसले होते. सगळ्या मोहल्ल्याचेच ते मामू. हळूच म्हणाले, "बेटा, मनात वाच."

मामूंचे चुकले नव्हते. पडघा आणि त्याला लागून असलेले बोरिवली गाव (मुंबईतले बोरिवली स्टेशन वेगळे, हे आम्हाला दर वेळी सांगावे लागते) बातम्यांत कशासाठी येते, हे तुम्हाला माहीत आहे. 2003 च्या मुलुंड लोकल स्फोटाच्या खटल्यात आमच्याकडच्या माणसाला 2016 मध्ये शिक्षा झाली. डिसेंबर 2023 मध्ये एनआयएच्या आणि जून 2025 मध्ये एटीएसच्या धाडी पडल्या. आरोपींनी पडघा 'मुक्त प्रदेश' जाहीर केल्याचे एनआयएचे म्हणणे आहे. टोल नाक्याच्या रांगेत ताटकळणाऱ्या ट्रकवाल्यांना ही खबर अजून पोचलेली नाही. असो. खटला चालू आहे आणि दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण अशा गावात कुणा मुसलमानाच्या सुटकेची बातमी मोठ्याने वाचायची नसते, एवढे मामूंना कळते.

संध्याकाळी फोन आला. 2006 मध्ये आम्ही दोघे परळच्या एकाच ऑफिसात होतो. मी दादरहून मध्य रेल्वेने कल्याण गाठायचो आणि तिथून बापगावमार्गे पडघा. तो पश्चिम रेल्वेने नालासोपाऱ्याला जायचा. 11 जुलैच्या संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत होता. माहीमच्या पुढे ती गाडी गेली नाही. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, आठशेच्या वर जखमी झाली. त्या आठवड्यात मी मित्राबरोबर दोन रुग्णालयांच्या शवागारांत फिरलो होतो. तेव्हापासून वर्षातून एकदा, 11 जुलैला, आम्ही बोलतो. त्या वर्षी तो दहा दिवसांत दुसऱ्यांदा बोलत होता.

"अरे, मग माझ्या भावाला मारलं कुणी?"

मी गप्प. मग तो म्हणाला, "तू फाशीच्या विरोधात लिहितोस, वाचतो मी. पण दहशतवाद्यांना तरी फाशी हवीच ना?"

त्याला फोनवर धड उत्तर देता आले नाही. हा लेख ते उत्तर आहे.

आधी माझे स्वतःचे सांगतो. मी फार दिवस फाशीच्या बाजूचा होतो. 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात कसाबला फाशी दिली, तेव्हा मला बरे वाटले होते. त्यात 26/11 चे दुःख होते तसा थोडा स्वार्थही होता. आता तरी आमच्याकडे बोट दाखवणे कमी होईल, असे वाटले. 2018 मध्ये कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी भिवंडीत मेणबत्त्या घेऊन चाललो तेव्हा माझ्या हातातल्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिले होते, 'नराधमांना फाशी द्या'. अक्षर माझेच. त्याच एप्रिलमध्ये केंद्राने अध्यादेश काढला, बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद झाली. आम्हाला वाटले, जिंकलो. कठुआच्या तीन मुख्य आरोपींना पुढच्या वर्षी पठाणकोटच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. पोलिसांनी पुरावा दडपला म्हणून पोलिसांनाही शिक्षा झाली. खरे सांगायचे तर त्या निकालात माझ्या पुठ्ठ्याचा काहीच वाटा नव्हता. आरोपपत्र नीट तयार झाले, खटला जम्मूबाहेर हलवला, साक्षीदार टिकले, म्हणून ती शिक्षा झाली.

आपल्या राज्याने तर 2021 मध्ये शक्ती विधेयकच मंजूर केले. त्यातही फाशी होती. राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. आणि 2024 मध्ये आमच्याच ठाणे जिल्ह्यात बदलापूरच्या शाळेतले प्रकरण घडल्यावर लोक रुळांवर उतरले, फाशीच्या घोषणा झाल्या, आणि महिनाभराने आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. दंडाधिकारी चौकशीच्या अहवालाने पुढे त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले. फाशीची मागणी करणाऱ्या गर्दीला फाशीसुद्धा लांबची वाट वाटू लागते, हे मी तेव्हा शेजारून पाहिले.

तर माझ्या मित्राच्या प्रश्नातला 'तरी' महत्त्वाचा आहे. हा 'तरी' एकट्या त्याचा नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये विधी आयोगाने 262 वा अहवाल दिला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे. आयोगाने सांगितले की फाशी रद्द करा. ती गुन्हे रोखते याचा पुरावा नाही, आणि न्यायाधीश बदलला की निकाल बदलतो. पण एक अपवाद ठेवला. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध. तिथे मात्र फाशी राहू द्या. आयोगाने पाठ फिरवली ती नेमकी या खोलीकडे. मला वाटते, फाशी सगळ्यांत आधी कुठून काढायला हवी असेल तर ती याच खोलीतून. कारण चूक होण्याची शक्यता इथेच सर्वाधिक आहे.

साधी गोष्ट बघा. 1872 च्या पुरावा कायद्यापासून नियम आहे की पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांना आपल्याबद्दल फार कळवळा होता असे नाही. ठाण्यात कबुली कशी निघते, हे त्यांना ठाऊक होते. पण टाडात हा नियम बाजूला सारला, पोटात सारला, आणि मकोकाच्या 18 व्या कलमात अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. म्हणजे जिथे शिक्षा सर्वांत कडक, तिथे पुराव्याची चाळण सर्वांत विरळ. शेजारच्याची कोंबडी चोरल्याचा खटला असेल तर पोलिसाला दिलेली कबुली चालत नाही. फासावर चढवायचे असेल तर चालते!

7/11 च्या खटल्यात पुढे काय निघाले? उच्च न्यायालयाला आरोपींच्या कबुल्यांतले भागच्या भाग एकमेकांची नक्कल केल्यासारखे आढळले. छळ झाल्याचा आरोपींचा दावा न्यायालयाने मान्य केला. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. टॅक्सीवाल्यांनी शंभरहून अधिक दिवसांनी चेहरे ओळखले. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, तेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. आणि यापेक्षा मला झोप लागू न देणारी गोष्ट वेगळीच आहे. 2008 मध्ये मुंबईच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या नावाखाली काही जणांना पकडले. त्यांतल्या एकाने कबुली दिली की 7/11 चे स्फोट आम्हीच केले. पुढे न्यायालयात तो फिरला. एकच शहर, एकच गुन्हा, एटीएसकडे एका टोळीच्या कबुल्या आणि गुन्हे शाखेकडे दुसऱ्या. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. त्यांतल्या एका गठ्ठ्यावर पाच फाशींचा निकाल उभा राहिला.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की प्रकरण संपलेले नाही. राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. 24 जुलैला न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवले नाही. उद्या अंतिम निकाल काहीही लागो, माझा मुद्दा बदलत नाही. त्याच पुराव्यावर एका न्यायालयाने पाच गळे मागितले, दुसऱ्याने एकही गुन्हा सिद्ध झाला नाही म्हटले. त्या पाचांपैकी एकाला हे ऐकायला मिळाले नाही. 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगात तो कोरोनाने गेला. मृत्यूनंतर चार वर्षांनी निर्दोष ठरला.

"म्हणजे तुला फक्त मुसलमानांची काळजी," असे म्हणणारे आता टिप्पणी लिहायला बसले असतील. त्यांना मी जालना जिल्ह्यात घेऊन जातो.

2003 मध्ये भोकरदनजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या समाजातले सहा जण धरले गेले. सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये त्या न्यायालयाने सहाही जणांना फाशीच द्यायची ठरवले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने! मग 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने ते सहाही जण निर्दोष असल्याचा निकाल दिला. वाचलेल्या बाईने घटनेनंतर पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांची साधी चौकशी झाली नाही. सोळा वर्षे. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात सिद्ध झाले. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले.

हे सहा जण वाचले कसे, ते ऐकण्यासारखे आहे. फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका पूर्वी न्यायमूर्ती आपल्या दालनात कागद वाचून निकालात काढत. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा याचिकांची सुनावणी खुल्या न्यायालयात, वकिलांचे ऐकून व्हायला हवी. ही मागणी घेऊन गेलेल्यांत एक होता लाल किल्ल्यावरच्या हल्ल्यातला फाशीचा कैदी, पाकिस्तानी, लष्करचा माणूस. त्याच्या अर्जाने दार उघडले आणि त्या दारातून महाराष्ट्रातले सहा भटके जिवंत बाहेर पडले. त्याची स्वतःची फाशी 2022 मध्ये कायम झाली. दहशतवाद्याला कसली अपील अन् कसली दलील, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आता आपल्या लोकांशी दोन गोष्टी.

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येते : सौदीसारखा कायदा आणा, चौकात गर्दन उडवा, बघा गुन्हे कसे बंद होतात. गंमत म्हणजे हे वाक्य मी मशिदीबाहेर ऐकले आहे तसे गणपतीच्या मांडवातही ऐकले आहे. एरवी शरीअतचे नाव काढले की चिडणारे लोक तेवढ्यापुरते शरीअतचे चाहते होतात. त्यांना शरीअतची तलवार हवी असते, पुराव्याच्या अटी नको असतात. त्या अटी काय आहेत? व्यभिचाराच्या आरोपाला चार साक्षीदार लागतात. ते आणता आले नाहीत तर आरोप करणाऱ्यालाच फटके बसतात. जबरदस्तीने घेतलेल्या कबुलीला किंमत नाही. शंका आली की हद्दची शिक्षा टळते, हा फिकहचा सर्वमान्य नियम. दुष्काळ पडला तेव्हा हजरत उमर यांनी चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा थांबवली. जो कायदा शंकेपुढे असा थांबतो, त्याच्या नावाने आपण शंकेसकट फाशी मागतो.

गावातल्या एका मौलानांनी मला विचारले, "किसास कुरआनात आहे, तू त्याला नाकारणार का?" नाही, मौलाना. मी कोण नाकारणारा? पण सूरह बकराच्या 178 व्या आयतीत किसासचा हक्क सांगताना त्याच दमात माफीचा आणि भरपाईचा मार्गही सांगितला आहे, आणि माफ करणाऱ्याला मारेकऱ्याचा भाऊ म्हटले आहे. तो हक्क मृताच्या वारसांचा आहे. योगायोगाने त्याच जुलै महिन्यात सगळा देश हे बघत होता. येमेनच्या तुरुंगातल्या केरळच्या परिचारिकेची, निमिषा प्रियाची, फाशी 16 जुलैला व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. केरळचे बुजुर्ग आलिम कांतापुरम ए. पी. अबूबकर मुसलियार यांनी एका ख्रिस्ती बाईसाठी येमेनमधल्या आलिमांकडे शब्द टाकला होता. मृताच्या भावाने माफी द्यायला नकार दिला. तो त्याचा हक्क होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण निदान त्याला कुणीतरी विचारले. आपल्या देशातल्या फाशीत वारसाला कुणी विचारत नाही. महात्मा गांधींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी नथुराम गोडसेला फाशी देऊ नका म्हटले होते. 1949 मध्ये अंबाल्याला फाशी झालीच. आपल्याकडची फाशी सरकारची आहे. तिला किसास म्हणून मखरात बसवण्याचे कारण नाही.

आणि सरकारची फाशी म्हटली की राजकारण आलेच. 2004 पासून या देशात आठ जणांना फाशी झाली. त्यांतले तीन दहशतवादाच्या खटल्यांतले, कसाब, अफझल गुरू आणि याकूब मेमन. राजीव गांधींच्या मारेकऱ्यांची फाशी 2014 मध्ये रद्द झाली. त्यांच्यासाठी तमिळनाडू विधानसभेने ठराव केला होता. बेअंतसिंग खून खटल्यातल्या बलवंतसिंग राजोआनाचा दयेचा अर्ज 2012 पासून पडून आहे. आपल्यातले काही जण यावर म्हणतात, मग त्यांनाही लटकवा, तेव्हा न्याय समान होईल. मला हे मुळीच पटत नाही. तमिळनाडूने आपल्या माणसांसाठी केले ते चांगले केले. ज्यांच्यामागे विधानसभा उभी राहत नाही त्यांचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. भोकरदनच्या त्या सहांमागे कुठली विधानसभा होती?

बाबासाहेब आंबेडकरांनी 3 जून 1949 ला संविधान सभेत सांगितले होते की फाशीच्या अपिलांची सोय कुठे करायची यावर खल करण्यापेक्षा फाशीच रद्द केलेली मला आवडेल. त्यांनी तिथे अहिंसेचा दाखला दिला. त्यात 'तरी' नव्हता.

आता अवघड भाग. 31 जुलै 2025 ला, म्हणजे 7/11 च्या निकालानंतर बरोबर दहा दिवसांनी, 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी मुंबईच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले. रमजानात, भिक्कू चौकात सहा माणसे मेली होती. आमच्याकडे संताप झाला. मलाही झाला. पहिल्या निकालाविरुद्ध सरकार तीन दिवसांत दिल्लीत पोचले, मालेगावच्या मृतांच्या घरच्यांना मात्र स्वतःच उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. हा फरक दिसायलाच हवा. पण त्या रात्री मोहल्ल्यातल्या ग्रुपवर पोरांनी लिहिले, 'सबको फाँसी दो'. मी लिहिले की नको. अपील हवे, नव्याने तपास हवा, दोष सिद्ध झाला तर जन्मठेप हवी आणि ती माफीत न सुटणारी हवी. फाशी नको, त्यांनाही नको. दोघे ग्रुप सोडून गेले.

बिल्कीस बानोच्या खटल्यात 2017 मध्ये सीबीआयने तिघांना फाशी मागितली होती, उच्च न्यायालयाने नाकारली आणि अकरा जणांची जन्मठेप कायम ठेवली. बिल्कीस तेव्हा म्हणाल्या होत्या की मला न्याय हवा होता, सूड नको. 15 ऑगस्ट 2022 ला ते अकरा जण सुटले, त्यांना हार घातले गेले. तेव्हा आमच्यातले कितीतरी म्हणाले, बघ, फाशी झाली असती तर? मी त्यावर बरेच दिवस विचार केला. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, अकराही जण परत आत गेले. चुकीची सुटका दुरुस्त करता आली. चुकीच्या फाशीला ही सोय नाही.

आणि हो, आमच्या पडघ्याच्या खटल्यांतही मी हेच म्हणणार. दोष सिद्ध झाला तर कडक शिक्षा द्या, आयुष्यभर आत ठेवा, गावातल्या पोरांना या वाटेला लावणारा कुणीही असो. त्यासाठी मी मोर्चा काढणार नाही. पण फाशी मागितली गेली तर विरोधात लिहीन, आणि लोक काय म्हणतील ते मला आत्ताच माहीत आहे.

परवा मित्राला हे सगळे फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुझं फाशीचं पटतंय की नाही, माहीत नाही मला. पण 2015 ला निकाल लागला तेव्हा आई म्हणाली होती, सुटले एकदाचे. आम्ही सगळं मिटवून टाकलं होतं रे. फाइल बंद. आता ती ऐंशीची आहे, तिला मी अजून सांगितलेलं नाही की ते लोक ते नव्हतेच म्हणतात."

दहा वर्षे त्या घराला वाटत होते की मारेकरी सापडले आहेत. त्या दहा वर्षांत खऱ्या मारेकऱ्यांना कुणी शोधले नाही, कारण शोधायचे कारणच उरले नव्हते. हे मी त्याला बोललो नाही. आईला विचारले म्हणून सांग, एवढेच म्हणालो.